बौद्धिक संपदा कायद्यात शिकवायचं आणि संशोधन करायचं असेल तर: नेट, पीएचडी, विषयाची निवड आणि पुढचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एलएलबीनंतर एलएलएम झालंय, त्यात बौद्धिक संपदा (पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क वगैरे) हा विशेष विषय होता, कोल्हापुरात एका वरिष्ठ वकिलांकडे दोन वर्षं काम चालू आहे. आता अध्यापन आणि संशोधनाकडे वळायचंय. आधी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) की आधी पीएचडी? विषय कोणता घ्यावा? वकिली सोडावी लागेल का? विज्ञानाची पदवी नाही, ती अडचण ठरेल का?

क्रम आधी सांगून टाकू. नेट किंवा सेट (तीच परीक्षा राज्यपातळीवरची) आधी, पीएचडीचा प्रवेश त्यानंतर. पीएचडीच्या विषयाचा शोध मात्र आजच सुरू करायचा, कारण सगळ्यात जास्त वेळ तोच खातो आणि या क्षेत्रातली बहुतेक कारकीर्द त्याच एका निवडीवर तरते किंवा अडकते.

सहायक प्राध्यापकपदासाठी एलएलएमला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमी लेअर) आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. त्याबरोबर नेट किंवा सेट. विद्यापीठाच्या विभागांमध्ये पीएचडी सक्तीची करायची असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत होतं, पण ते पुढे ढकललं गेलं आणि जुलै २०२३ च्या दुरुस्तीने नेट-सेट हीच थेट भरतीची किमान पात्रता राहिली. म्हणजे पीएचडी ऐच्छिक झाली. पण ऐच्छिक म्हणजे बिनमहत्त्वाची, असा अर्थ लावू नका. २०१८ च्याच नियमांत विद्यापीठातल्या पदासाठी मुलाखतीआधीच्या छाननीचा जो तक्ता आहे, त्यात पीएचडीला ३० गुण आहेत. जेआरएफसह (म्हणजे संशोधनासाठीच्या कनिष्ठ फेलोशिपसह) नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३. शोधनिबंधांना प्रत्येकी २, तेही जास्तीत जास्त १०. नेटने तुम्ही रांगेत उभे राहता, पण पुढचा नंबर पीएचडीवाल्याचा लागतो. जाहिरात आली की तिच्या तारखेला कोणते नियम लागू आहेत ते मूळ राजपत्रात पाहायचं. कोचिंग क्लासच्या पीडीएफवर विसंबून अर्ज बाद झालेले उमेदवार दरवर्षी असतात.

नेटचं स्वरूप: पहिला पेपर ५० प्रश्न, १०० गुण, दुसरा १०० प्रश्न, २०० गुण, दोन्ही मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते. दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरतात. इथे कायद्याच्या मुलांची एक ठरलेली चूक होते. एलएलएमला बौद्धिक संपदा घेतली म्हणून दुसरा पेपर जमेल असं त्यांना वाटतं. पण कायदा विषयाच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत आणि ‘बौद्धिक संपदा व माहिती तंत्रज्ञान कायदा’ हा त्यातला एकच. बाकी नऊ म्हणजे विधिशास्त्र, घटना, आंतरराष्ट्रीय कायदा, फौजदारी, अपकृत्य, व्यापारी कायदे, कौटुंबिक कायदा वगैरे, जे एलएलबीनंतर उघडून पाहिलेले नसतात. दुसरी चूक पहिल्या पेपरकडे दुर्लक्ष करण्याची. आकडेवारीचं वाचन, तर्क आणि संशोधनपद्धती या भागात कायदेवाले सरसकट गुण घालवतात. एकूण ३०० पैकी ते १०० आहेत.

सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आहे, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिच्या आधारे या दोन राज्यांतच नेमणूक मिळते आणि तिच्यातून जेआरएफ मिळत नाही. जेआरएफसाठी नेटच द्यावी लागते, वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला ३० वर्षं. फेलोशिप पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. पूर्णवेळ पीएचडी करायची असेल तर हा फरक निर्णायक असतो. म्हणून वय ३० च्या आत असेल तर सेटवर समाधान मानू नका.

वकिलीचं उत्तर सरळ आहे. पूर्णवेळ पगारी शिक्षक झालात की सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करावी लागते, प्रॅक्टिस करता येत नाही. उलट बाजूने, प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. त्यामुळे वकिली चालू ठेवून एखाद्या विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवून बघता येतं, आणि ते जरूर करा. वर्गासमोर उभं राहणं आपल्याला मानवतं का, हे एका सत्रात कळतं. पण त्या सेवेवर हिशेब बांधू नका. यूजीसीच्या नियमांनुसार तात्पुरती सेवा पदोन्नतीसाठी मोजायची तर त्या काळातलं एकूण वेतन नियमित शिक्षकापेक्षा कमी नसावं लागतं. तासिकेवरच्या मानधनात ती अट बसत नाही. पाच-सहा वर्षं तासिकेवर काढून ‘अनुभव आहे’ म्हणणाऱ्यांची इथेच निराशा होते.

नोकरी पत्करताना चार गोष्टी लेखी पाहून घ्या: पद अनुदानित आहे की विनाअनुदानित, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा तक्ता) तपासून झालेली आहे का, जाहिरात विद्यापीठाच्या मंजुरीने निघाली आहे का, आणि नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता केव्हा मिळणार. मान्यता नसेल तर नुसतं नेमणूकपत्र पदोन्नतीच्या वेळी कामाला येत नाही. नियमित पदाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पहिल्या बढतीला पीएचडी असेल तर चार वर्षं लागतात, एलएलएमवाल्याला पाच आणि इतरांना सहा. एलएलएम ही व्यावसायिक पदव्युत्तर पदवी धरली जाते म्हणून हे मधलं एक वर्ष वाचतं. कार्यालयात फाइल करणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही, तुम्ही ठेवा. सहयोगी प्राध्यापक व्हायला मात्र पीएचडी लागतेच.

आता पीएचडी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, फेरनोंदणीने आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षं जास्त. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं. विद्यापीठाने प्रवेश परीक्षा घेतली तर तिचा वाटा ७० आणि मुलाखतीचा ३०. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडीही करता येते, त्यासाठी संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. मार्गदर्शक निवडताना लोक नाव बघतात, निवृत्तीची तारीख बघत नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही, आणि चार-पाच वर्षं राहिलेल्याकडे गेलात तर प्रबंधाच्या ऐन शेवटच्या टप्प्यात गाइड बदलण्याची वेळ येऊ शकते. शिवाय प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात, तेव्हा जागा रिकामी आहे का ते अर्जाआधी विचारा. तुमच्या विषयातला मार्गदर्शक जवळच्या विद्यापीठात नसेल तर बाहेर पाहायला हरकत नाही. कोचीनच्या कुसाट या विद्यापीठात बौद्धिक संपदा अभ्यासाचं जुनं केंद्र आहे, बेंगळुरू, दिल्ली, कोलकाता, हैदराबादची राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची. अनेक विद्यापीठांमध्ये केंद्र सरकारच्या ‘स्पृहा’ योजनेतून बौद्धिक संपदेची अध्यासनं आहेत. तिथे संशोधन सहायकाची कामंही निघतात.

विषयाची निवड हा या उत्तराचा खरा गाभा, म्हणून इथे जरा थांबू.

‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन बौद्धिक संपदेवरच्या कायद्याच्या प्रबंधांची शीर्षकं वाचा. ‘भारतातील सक्तीचा परवाना: एक चिकित्सक अभ्यास’, ‘भौगोलिक मानांकनाचा कायदा: एक विश्लेषण’ अशा साच्याची शीर्षकं ढिगाने सापडतील. त्यांची अनुक्रमणिकाही जवळपास तीच: १४७४ चा व्हेनिसचा कायदा, १७१० चा इंग्लंडमधला राणी ॲनचा कायदा, पॅरिस १८८३, बर्न १८८६, ट्रिप्स हा जागतिक व्यापार संघटनेचा करार १९९५, मग भारतीय कायद्याची कलमं, मग गाजलेले खटले, मग शिफारशी. पहिली सव्वाशे पानं कुणालाच नवी नसतात. हा इतिहास पंधरा पानांत मावतो आणि तुमच्या प्रश्नाला लागेल तेवढाच घ्यायचा असतो.

सक्तीच्या परवान्याचंच, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसताना दुसऱ्याला उत्पादनाची परवानगी देण्याचंच, उदाहरण घ्या. पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली भारतात आजवर एकच परवाना दिला गेला. बायरच्या नेक्सावार या कर्करोगावरच्या औषधासाठी तो ९ मार्च २०१२ रोजी नॅटको या भारतीय औषध कंपनीला मिळाला. महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० वर आला. स्वामित्वधन (रॉयल्टी) ६ टक्के ठरलं, बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाने २०१३ मध्ये ते ७ केलं आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. निकालांची ही साखळी तीन दिवसांत वाचून होते. त्यावर तीनशे पानं लिहायची म्हणजे तेच तेच सांगावं लागणार. मग प्रश्न फिरवायचा. इतरांचे अर्ज का फेटाळले गेले? अर्ज करण्याआधी पेटंटधारकाशी वाटाघाटी केल्याचा पुरावा लागतो, ती अट किती जणांना नडली? पेटंट भारतात प्रत्यक्ष वापरलं जातंय का, हे दाखवणारी माहिती अर्जदाराला कुठून मिळते?

या शेवटच्या प्रश्नावर एका अभ्यासकाने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. शामनाद बशीर बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे पदवीधर, ऑक्सफर्डला शिकलेले, पुढे कोलकात्याच्या एनयूजेएस या राष्ट्रीय विधी विद्यापीठात बौद्धिक संपदेचे अध्यासन प्राध्यापक. पेटंटधारकांनी पेटंटच्या वापराची माहिती ज्या फॉर्म २७ मध्ये द्यायची, ते फॉर्म त्यांनी गोळा करून तपासले. कितीतरी भरलेलेच नव्हते, भरले होते तेही अर्धवट होते. त्या आधारावर २०१५ मध्ये त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि २०२० मध्ये तो फॉर्म बदलला. नोव्हार्टिस कंपनीच्या औषध-पेटंटच्या गाजलेल्या खटल्यातही ते सर्वोच्च न्यायालयापुढे अभ्यासक म्हणून उभे राहिले होते. २००५ मध्ये त्यांनी सुरू केलेला ‘स्पायसी आयपी’ हा ब्लॉग या विषयातली विद्यार्थ्यांची पिढी घडवून गेला. २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मानव्यविद्या शाखेत मिळाला. २०१९ मध्ये ते गेले. त्यांच्या कामातून घेण्यासारखी गोष्ट अगदी साधी आहे: सरकारी कपाटात पडलेला, कोणी न वाचलेला एक फॉर्म त्यांनी नीट वाचला. कायद्याच्या आपल्या संशोधनात याची फार टंचाई आहे.

तुम्ही कोल्हापूरचे आहात, तर तिथलाच विषय घेऊन हे कसं करायचं ते दाखवतो. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी, दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे नोंदलेलं आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, गदारोळ झाला, वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि जुलैमध्ये ती फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते नोंदणीकृत मालक नव्हते. बातमी तिथे संपली. संशोधकाचा प्रश्न तिथून सुरू होतो: मग दाद मागायची कुणी? कायद्याचं कलम २१ म्हणतं, नोंदणीकृत मालक आणि अधिकृत वापरकर्ते. हे अधिकृत वापरकर्ते नोंदवहीच्या ‘ब’ भागात नोंदवले जातात. २०२० च्या नियमदुरुस्तीने त्या अर्जाचं शुल्क १० रुपयांवर आणलं. शुल्क एवढं उतरल्यावरही चप्पल शिवणारे कारागीर त्या यादीत किती आहेत, नसतील तर कशाला अडलेत, आणि जे आहेत ते कलम २१ वापरण्याच्या परिस्थितीत आहेत का? हा प्रबंधाचा प्रश्न झाला. त्याचं उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि ते मिळवायला लागणारे कागद अस्तित्वात आहेत.

कोणते कागद? चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मूळ अर्ज, निवेदन, नकाशा, उत्पादनपद्धतीचं वर्णन, तपासणी यंत्रणेचा तपशील आणि जर्नलमधली प्रसिद्धी मिळते. ‘ब’ भागाची यादी तिथूनच काढायची. महामंडळांकडे माहिती अधिकारात अर्ज करायचा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न मोघम ठेवला की उत्तर मोघम येतं. ‘मानांकनाच्या प्रसारासाठी काय केलं’ असं न विचारता ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अधिकृत वापरकर्त्यांचे किती अर्ज महामंडळामार्फत पाठवले, तालुकानिहाय संख्या द्या’ असं विचारा. त्यानंतर ३० ते ४० कारागिरांच्या मुलाखती, त्यात निम्म्या यादीतल्यांच्या आणि निम्म्या यादीबाहेरच्यांच्या. मुलाखतींआधी विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि मराठीत लिहिलेलं संमतिपत्र. यादी मोजताना सावध राहा: इंग्रजी स्पेलिंगच्या फरकाने एकच माणूस दोनदा येतो, एका घरातली तीन नावं असतात, आणि कारागीर व व्यापारी यांत यादी भेद करत नाही. तो भेद तुम्हालाच प्रत्यक्ष जाऊन करावा लागतो. नुसती यादी मोजून निष्कर्ष काढलात तर प्रबंध तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला कोसळेल.

पेटंटकडे वळायचं असेल तर असंच काम पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या शोधयंत्रणेवर होतं. समजा कलम ३(ड), म्हणजे ज्ञात औषधी द्रव्याच्या नव्या रूपाला परिणामकारकता वाढल्याशिवाय पेटंट नाही, हे प्रत्यक्षात कसं लावलं जातं ते पाहायचंय. सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३ चा नोव्हार्टिस निकाल सगळ्यांनी वाचलेला असतो. पेटंट कार्यालयातले परीक्षक रोज काय लिहितात ते फार थोड्यांनी वाचलेलं असतं. पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला एक गट घ्या, उदाहरणार्थ औषधांचा ए६१के, अर्ज दाखल झाल्याचा ठरावीक काळ घ्या आणि १०० ते १५० फाइली निवडा. प्रत्येक फाइल एकाच क्रमाने वाचायची: मूळ तपशीलपत्र, पहिला परीक्षण अहवाल, त्याला अर्जदाराचं उत्तर, सुनावणीची नोटीस, लेखी म्हणणं, निर्णय. मूळ अर्जातला दावा (नेमका कशावर हक्क मागितला ते सांगणारा परिच्छेद) क्रमांक १ आणि मंजूर झालेला दावा क्रमांक १ शेजारी ठेवून वाचायचे. सगळी गंमत त्या दोन परिच्छेदांमधल्या फरकात असते. परीक्षकाने काय कापायला लावलं ते तिथे दिसतं. एका फाइलीला पाऊण ते एक तास लागतो. स्कॅन केलेल्या पानांत शब्द शोधता येत नाहीत, तो वेळ वेगळा धरा.

इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त नामंजूर अर्ज मोजणं. आक्षेप आला, दावा अरुंद केला आणि पेटंट मिळालं, अशी प्रकरणं सुटून जातात आणि कलम कमी वापरलं गेल्यासारखं दिसतं. दुसरी चूक याच्या उलट: अहवालाला मुदतीत, म्हणजे सहा महिने आणि मुदतवाढीचे तीन, उत्तर न दिल्याने कलम २१(१) खाली सोडून दिल्याचे धरलेले अर्ज ‘नामंजूर’मध्ये टाकणं. कंपनीने धंद्याच्या कारणाने सोडलेला अर्ज आणि परीक्षकाने कारणं देऊन नाकारलेला अर्ज एका रकान्यात घातले की सगळी टक्केवारी खोटी होते. तिसरी, एकाच शोधाचे विभागलेले अर्ज वेगळे मोजणं. दहा टक्के फाइली दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या आणि दोघांच्या नोंदी जुळतात का ते बघा. कायद्याच्या प्रबंधांत हे फारसं कुणी करत नाही, म्हणूनच केलं की प्रबंध तपासणाऱ्याच्या डोळ्यात भरतं.

चालू खटल्यावर विषय बेतायचा मोह टाळा. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला तेव्हापासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कॉपीराइट हा प्रत्येक दुसऱ्या आराखड्याचा विषय झाला आहे. निकाल किंवा कायद्यातली दुरुस्ती आली की असा प्रबंध एका रात्रीत जुना होतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये बौद्धिक संपदा अपिलीय मंडळच रद्द झालं तेव्हा त्याच्या ‘कार्यक्षमतेचा’ अभ्यास करणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी ज्याचं महत्त्व टिकेल असा प्रश्न धरा. वृत्तसंस्था आणि मराठी दैनिकं यांच्यातल्या करारांत बातम्यांचे हक्क नेमके कुणाकडे राहतात, हा प्रश्न निकालानंतरही उरेल.

लिखाणाबद्दल दोन तांत्रिक गोष्टी. निकाल वाचताना शीर्षटिपणाला (निकालाच्या वर छापलेल्या सारांशाला) न्यायालयाचे शब्द समजू नका. तो प्रकाशकाच्या संपादकाने लिहिलेला असतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल सगळ्यांना खुले, पण संपादकाने घातलेली विशिष्ट भर संरक्षित, असं धरलं. म्हणजे बौद्धिक संपदेच्या अभ्यासकाने ही चूक करणं तर जास्तच लाजिरवाणं. उद्धृत करायचं तर निकालाचा परिच्छेद क्रमांक द्या. दुसरं, साहित्यचोरीची तपासणी. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला यूजीसीच्या साहित्यचोरीविषयक २०१८ च्या नियमांत दंड नाही. १० ते ४० मध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यावं लागतं. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची आणि कायद्याचा मजकूर मोजणीतून वगळायचा असतो, सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण साम्यही. ग्रंथालयातला कर्मचारी हे वगळण्याचे पर्याय न लावताच अहवाल काढतो आणि कलमांचा उतारा असलेलं प्रकरण ३५ टक्के दाखवतं. घाबरून कलमांची भाषा बदलत बसू नका. नियम दाखवून अहवाल पुन्हा काढून घ्या.

प्रकाशनाची सुरुवात निकालावरच्या टिप्पणीने करा, दोन-तीन हजार शब्दांची. तथ्यांना अर्धं पान, न्यायालयाच्या तर्काला एक, बाकी सगळं तुमच्या मुद्द्याला. पूर्ण लेखासाठी दिल्लीहून निघणारं ‘जर्नल ऑफ इंटेलेक्चुअल प्रॉपर्टी राइट्स’, राष्ट्रीय विधी विद्यापीठांची नियतकालिकं, आणि काम अनुभवजन्य असेल तर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’. एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नाही. ‘आठवड्यात प्रसिद्धी, शुल्क अमुक’ असा मेल आला की तो लेख तिथे वाया गेला असं समजा. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, त्यामुळे नियतकालिक दर्जेदार आहे हे ठरवणं आता संस्थेवर आलं आहे. निवड समितीपुढे समीक्षकांचे अभिप्राय दाखवता यावेत म्हणून ते जपून ठेवा.

विज्ञानाची पदवी नसणं ही अध्यापनात अडचण नाही. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, पण ती वाट वेगळी. औषधांच्या पेटंटवर काम करायचं ठरवलं तर रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याबरोबर वीस-पंचवीस दावे बसून वाचा, तेवढ्याने भाषा सुटते. वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा) डीएल-१०१ हा प्राथमिक अभ्यासक्रम मोफत आहे. पाया पक्का करायला चांगला, बायोडेटात मिरवायला नव्हे. वर्गात मात्र खरा कागद घेऊन जा. १९९५ चं अमेरिकेतलं हळदीचं पेटंट, क्रमांक ५४०१५०४, मुलांपुढे ठेवा. जखमेवर हळद लावणं हा ‘शोध’ दाव्याच्या भाषेत कसा मांडला होता, आणि रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने छापील संदर्भ देऊन तो १९९७ मध्ये कसा रद्द करवला, हे मूळ कागदावरून शिकवलं की ‘पूर्वज्ञान’ (शोधाआधीच जगाला ठाऊक असलेलं) या कल्पनेवर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. नागपूरला पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे. विदर्भातल्या महाविद्यालयांनी तिचा उपयोग करून घ्यायला हवा.

परदेशाबद्दल थोडक्यात. शिक्षक झाल्यावर जिनिव्हात वायपो आणि जागतिक व्यापार संघटना मिळून विकसनशील देशांतल्या बौद्धिक संपदेच्या शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचं चर्चासत्र २००४ पासून घेतात, त्याला अर्ज करा. पीएचडीच्या काळात म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेचं ग्रंथालय आणि तिथल्या शिष्यवृत्त्या पाहा. बाहेरची पदवी घेणार असाल तर भारतात ती समकक्ष धरली जाईल का, हे प्रवेशाआधी तपासा, परत आल्यावर नाही.

शेवटी भाषेचं. मराठी वर्तमानपत्रांत ‘स्वामित्वहक्क’ हा एकच शब्द कधी पेटंटला, कधी कॉपीराइटला वापरतात. शासकीय परिभाषेत पेटंटला ‘एकस्व’ आणि कॉपीराइटला ‘प्रताधिकार’ आहे, पण ते बाहेर कुणी बोलत नाही. मराठीत शिकवताना, लिहिताना सरळ पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क म्हणा. कारागिरांच्या मुलाखतीला गेल्यावर तर याची फारच काळजी घ्या. चप्पल शिवणाऱ्या माणसाला ‘तुम्ही अधिकृत वापरकर्ता आहात का’ असं विचारलंत तर तो हो म्हणेल, कारण चप्पल तर तो पिढ्यान्‌पिढ्या करतोच आहे. ‘चेन्नईहून तुमच्या नावाचा कागद आलाय का, असेल तर बघू’ असं विचारा आणि कागद हातात घेऊन त्यावरचं नाव, नंबर आणि तारीख वहीत उतरवून घ्या.